सर्व्हरला डिस्क वाढवताना कंट्रोलर कसा निवडावा: आधी झाकण उघडा, मग कोटेशन मागा

रबाळे एमआयडीसीत आमचा छपाई-पॅकेजिंगचा कारखाना आहे. औषधांची खोकी, लेबलं, खोक्यात घडी घालून टाकतात ती पातळ माहितीपत्रकं. आयटी खातं म्हणजे मी एकटी. रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येते, आणि सर्व्हर बंद पडला की रविवारीही येते. तो सर्व्हर २०१७ साली घेतलेला, दोन यू (यू हे रॅकमधलं उंचीचं माप) उंचीचा. त्याच्यावर ईआरपीचा (कारखान्याचे व्यवहार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस आणि ग्राहकांचं आर्टवर्क. एका खोक्याचं आर्टवर्क सहज पाचशे एमबी भरतं. ग्राहक एक अक्षर बदलून नवी आवृत्ती पाठवतो आणि जुनी पुसता येत नाही, ऑडिटवाले नेमकी तीच मागतात. दोन टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये (अनेक डिस्क मिळून एक करायची पद्धत, यात एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो), म्हणजे वापरायला सहा टीबी. विंडोज त्याला ५.४५ म्हणतं. शेवटचे दीडशे जीबी उरले तेव्हा मी शेठकडे गेले. ते म्हणाले, "त्यात काय, समोर चार खण रिकामे दिसतायत, चार डिस्क आणून टाक."

त्या चार डिस्कपायी तीन कंट्रोलर कार्डं (डिस्क सर्व्हरला जोडणारी आणि रेड सांभाळणारी) आली, दोन परत गेली आणि चार दिवसांचं काम तीन आठवडे चाललं. आमच्याकडे ज्या चुका झाल्या त्या सगळ्या आधी झाकण उघडून पाहिलं असतं तर दिसल्या असत्या. म्हणून कंट्रोलर निवडायचा माझा क्रम आता उलटा आहे. डिस्क शेवटी, कार्ड मधे, आणि सुरुवात स्क्रू-ड्रायव्हरपासून.

खण दिसतो, पण मागे काय आहे?

डिस्पॅच बंद झाल्यावर एका शनिवारी संध्याकाळी मी त्या रिकाम्या खणांपैकी एक ओढला. हातात आलं ते पोकळ प्लास्टिक. हवा इकडेतिकडे जाऊ नये म्हणून लावलेलं नुसतं तोंड. डिस्क ज्यात स्क्रूने बसवतात ती कॅडी नव्हतीच. खणातून टॉर्च मारला तर डावीकडच्या चार खणांमागे हिरवी पाटी आणि तिच्यावर कनेक्टर, उजवीकडच्या चार खणांमागे थेट पंखे दिसत होते. म्हणजे दुसऱ्या पिंजऱ्याला, उजवीकडच्या चार खणांना, बॅकप्लेनच (डिस्क जिला जोडतात ती हिरवी पाटी) नव्हता. तो घ्यायचा, त्याची डेटा केबल घ्यायची, वीज केबल घ्यायची, चार कॅड्या घ्यायच्या. यातलं काहीच वेंडरच्या पहिल्या कोटेशनमध्ये नव्हतं. त्यात होत्या फक्त चार डिस्क आणि एक कार्ड.

बॅकप्लेन दोन तऱ्हेचे असतात आणि कंट्रोलरची निवड त्यावर बरीच अवलंबून असते. साध्या बॅकप्लेनमध्ये दर चार डिस्कना एक केबल लागते, कारण एका मिनी-सॅस केबलमधून (सॅस ही सर्व्हरच्या डिस्क जोडायची पद्धत) चार लेन, म्हणजे डेटाच्या चार वाटा, जातात. म्हणून आठ डिस्कना दोन केबल आणि कार्डावर दोन कनेक्टर. कार्डाच्या नावात "८आय" असतं ते हेच: आत जाणाऱ्या आठ लेन. "८ई" असेल तर त्या बाहेरच्या शेल्फसाठी, कार्डाच्या पाठीमागे. दुसऱ्या तऱ्हेच्या बॅकप्लेनवर एक्स्पांडर चिप असते. ती एका-दोन केबलींवर बारा किंवा चोवीस डिस्क चालवते. तुमच्याकडे बारा खण आणि मागून फक्त एक-दोन केबली येत असतील तर एक्स्पांडर आहे असं समजा. तिथे जास्त पोर्टांचं महाग कार्ड घेण्यात अर्थ नाही.

आता थांबून विचारा, की नवा कंट्रोलर लागतोच का? आमच्या मूळ कार्डावर एक कनेक्टर मोकळा होता. चार डिस्क त्याच्यावर चालल्या असत्या. पण ते कार्ड खालच्या श्रेणीतलं, कॅश (लिखाण तात्पुरतं ठेवायची कार्डावरची रॅम) नाही आणि रेड ६ येत नाही. डेलचं पर्क एच३३० याच जातीचं: रेड ०, १, ५, १०, ५० करतं, ६ नाही. एच७३०पी वर दोन जीबी कॅश आहे आणि रेड ६ आहे. तुम्हाला फक्त दोन डिस्कचा आरसा, म्हणजे रेड १, वाढवायचा असेल तर जुन्या कार्डावरच थांबा, पैसे वाचवा. आम्हाला आठ-आठ टीबीच्या डिस्क लावायच्या होत्या आणि एवढ्या मोठ्या डिस्कवर रेड ५ ला मी तयार नव्हते. एक डिस्क गेली की नवी भरून निघेपर्यंत बाकीच्यांनी एकही ठेच खायची नाही, ही रेड ५ ची अट. आठ टीबीची डिस्क सेकंदाला दोनशे एमबीच्या वेगाने भरली तरी ४०,००० सेकंद, म्हणजे अकरा तासांच्या वर. आणि हे सर्व्हरवर दुसरं काही चाललेलं नसताना. आमच्याकडे कामाच्या दिवसांत एका डिस्कला तीस तास लागले. तेवढा वेळ मी रेड ५ च्या भरवशावर झोपू शकत नाही.

चार डिस्कवर रेड ६ आणि रेड १० दोन्हींत जागा सारखीच मिळते, दोन डिस्कएवढी. मग वेगासाठी रेड १० घ्यावं की सुरक्षिततेसाठी ६? रेड १० मध्ये डिस्क आरशासारख्या जोड्यांत असतात. दोन डिस्क गेल्या आणि त्या एकाच जोडीतल्या निघाल्या तर सगळं गेलं. रेड ६ मध्ये कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं. आर्टवर्कसाठी मी ६ घेतलं. पुढे पहिल्या पिंजऱ्यातल्या जुन्या डिस्कही बदलल्या की फरक आणखी दिसेल: आठ डिस्कवर रेड ६ सहा डिस्कची जागा देतं, रेड १० चारचीच.

मेलेलं कार्ड मेलेलं नव्हतं

पहिलं कार्ड घेऊन वेंडरकडचा मुलगा आला. वरचा स्लॉट मोकळा होता, हात सहज पोचत होता, तिथे बसवलं. सर्व्हर चालू केला तर कार्डाचं नाव कुठेच नाही. त्याने काढलं, सोनेरी कडा शर्टाच्या बाहीला पुसली (हे करू नका), परत बसवलं. "मॅडम, कार्ड डेड आहे." कार्ड परत गेलं. चार दिवसांनी दुसरं आलं, तेही डेड. लागोपाठ दोन कार्डं मेलेली निघाली यावर माझा विश्वास बसेना.

झाकण उलटं करून टेबलावर ठेवलं होतं. त्याच्या आतल्या बाजूला कंपनीने चिकटवलेला नकाशा असतो. बहुतेक सर्व्हरना असतो आणि बहुतेक जण तो वाचत नाहीत. त्यात वरच्या तिन्ही स्लॉटांपुढे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: "सीपीयू २". आमच्या सर्व्हरमध्ये प्रोसेसर एकच, दुसऱ्या सॉकेटवर काळी टोपी. या स्लॉटांच्या, म्हणजे पीसीआय-एक्स्प्रेसच्या, लेन थेट प्रोसेसरमधून निघतात. जो प्रोसेसर बसवलेलाच नाही त्याच्या वाट्याचे स्लॉट नुसत्या खाचा. कार्ड खालच्या रायझरवर (स्लॉट असलेली जोडपाटी) हलवलं आणि बूट होताना नाव आलं. पहिलं कार्डही धडधाकटच असणार. ते बिचारं उगाच परत गेलं.

तर स्लॉट बघताना नकाशावर कुठला स्लॉट कुठल्या प्रोसेसरचा ते पाहा. मग स्लॉटमध्ये लेन किती ते. खाच लांबीला सोळाची असली तरी आत आठच, कधी चारच लेन जोडलेल्या असतात. मग उंची: दोन यू सर्व्हरमध्ये काही रायझर अर्ध्या उंचीचे असतात, तिथे कार्डाची पत्र्याची पट्टी आखूड लागते. ती डब्यात सोबत येते का, विचारून घ्या. नाहीतर पाच रुपयांच्या पत्र्यासाठी आठवडा जातो. काही सर्व्हरना स्टोरेज कार्डासाठी बोर्डावर वेगळी राखीव जागा असते, तिथे साधं स्लॉटचं कार्ड बसत नाही. एचपीईच्या पी४०८आय या कार्डाच्या नावात शेवटी "ए" असेल तर ते राखीव जागेचं, "पी" असेल तर स्लॉटचं. एका अक्षराचा फरक, पण चुकीचं आलं तर बसणारच नाही.

वेगाबद्दल थोडक्यात. साध्या हार्ड डिस्क लावायच्या असतील तर बारा गिगाबिटचं कार्ड म्हणून जास्त पैसे मोजू नका. आठ डिस्क प्रत्येकी दोनशे एमबीने धावल्या तरी एकूण सेकंदाला १.६ जीबी. सहा गिगाबिटच्या चार लेनची एक केबल २.४ जीबी नेते, आणि तिसऱ्या पिढीचा आठ लेनचा स्लॉट सुमारे ७.८ जीबी. रस्ता रिकामाच राहतो. आठ साटा एसएसडी लावणार असाल तर मात्र हिशोब ४.४ जीबीवर जातो आणि दुसऱ्या पिढीचा आठ लेनचा स्लॉट, जो चार जीबीला थांबतो, कमी पडतो. एनव्हीएमई डिस्क (थेट पीसीआय-एक्स्प्रेसवर चालणाऱ्या एसएसडी) साध्या सॅस कार्डावर लागत नाहीत. त्यांना ट्राय-मोड (सॅस, साटा, एनव्हीएमई तिन्ही घेणारं) कार्ड आणि तसाच बॅकप्लेन लागतो. आमच्यासारख्या सर्व्हरला ते खर्चाच्या मानाने झेपत नाही असं माझं मत आहे.

कॅश आणि तिची बॅटरी

दुसरं कार्ड स्लॉट बदलल्यावर चाललं, तरी मी ते परत केलं. शेठ वैतागले. कारण सांगते.

रेड ५ वर एक छोटी नोंद लिहायची म्हणजे डिस्कवर चार कामं: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायचा हिशोब) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. रेड ६ वर सहा. रेड १० वर दोन. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी, म्हणजे ७,२०० आरपीएमची डिस्क अशी सुटी कामं सेकंदाला पाऊणशे-ऐंशी करते. चार डिस्क मिळून तीनशे धरा. त्याला सहाने भागलं की रेड ६ वर सेकंदाला पन्नास नोंदी. ईआरपीवर वीस जण बसले की पडदा गोठतो. कॅश असलेलं कार्ड काय करतं, नोंद स्वतःच्या रॅममध्ये घेतं, "झालं" म्हणून सांगतं आणि मग सवडीने, ओळीत लावून, डिस्कवर उतरवतं. याला राइट-बॅक म्हणतात. कॅश न वापरता डिस्कवर उतरल्यावरच "झालं" म्हणणं हे राइट-थ्रू. फरक तुम्हाला घड्याळ न लावताही कळतो.

पण लाइट गेली की रॅममधलं जातं. म्हणून कार्डाला बॅटरी लागते. जुन्या पद्धतीत लिथियम बॅटरी रॅमला दोन-तीन दिवस जिवंत ठेवते. नव्या पद्धतीत कार्डावर फ्लॅश आणि सोबत सुपर-कॅपॅसिटर असतो. लाइट जाताच कॅपॅसिटरच्या शिल्लक विजेवर रॅममधलं सगळं फ्लॅशवर उतरतं, मग सर्व्हर महिनाभर बंद राहिला तरी हरकत नाही. लिथियम बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि आमच्याकडच्या उकाड्यात, रात्री एसी बंद करणाऱ्या ऑफिसात, आणखी लवकर. बॅटरी मेली की चांगलं कार्ड आपणहून राइट-थ्रूवर जातं. सर्व्हर "अचानक स्लो" झाल्याच्या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच तपासते. ठरावीक दिवसांनी एखाद्या दुपारी स्लो होत असेल आणि संध्याकाळी आपोआप सुधारत असेल तर जुन्या कार्डांत बॅटरीची लर्न सायकल (बॅटरी उतरवून परत भरायची चाचणी) चालू असते. ती रात्रीवर ढकलता येते.

याच्यात एक सेटिंग आहे, "ऑल्वेज राइट-बॅक": बॅटरी असो-नसो, कॅश वापर. हे मी कधीच चालू करत नाही. आधी मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. तिथे बॅटरी मेली, सर्व्हर मंदावला, लोक ओरडायला लागले. एएमसीवाल्याने नवी बॅटरी आणायच्या ऐवजी हे सेटिंग चालू केलं आणि निघून गेला. आम्ही खूश. जूनच्या पहिल्या पावसात दुपारी लाइट गेली. यूपीएस मिनिटभरही टिकला नाही. परत चालू केल्यावर डेटाबेस उघडेना. बॅकअप गुरुवारच्या रात्रीचा, आणि तो शनिवार होता. मग रविवारी डिस्पॅचचे काका चलनबुकं घेऊन माझ्याशेजारी बसले. गुलाबी कार्बन कॉपी, पावसाने दमट झालेली, तीन आहे की आठ ते कळत नव्हतं. ते नंबर मोठ्याने वाचत होते, मी टाइप करत होते. दोनशे साठ चलनं. मधेच ते म्हणाले, "पोरी, कॉम्प्युटर घेतला तो हेच परत लिहायला का?"

म्हणून दुसरं कार्ड परत केलं. कॅश होती, पण तिचं पॉवर मॉड्यूल वेगळं विकत घ्यावं लागतं आणि त्या जुन्या मॉडेलचं मॉड्यूल वेंडरला कुठेच मिळेना. पुष्कळ कंपन्या कार्ड आणि बॅटरी वेगळे पार्ट नंबर म्हणून विकतात. एचपीईमध्ये तर बॅटरी कार्डावर नसते, चॅसिसमध्ये वेगळी बसते. कोटेशनमध्ये दोन्ही ओळी दिसल्याशिवाय पीओ काढू नका. सेकंडहँड कार्ड घेताना बॅटरी जुनीच येते. ती मेलेली आहे असं धरून नव्या बॅटरीची किंमत आधीच मिळवा. तिसरं कार्ड, दोन जीबी कॅश आणि कॅपॅसिटरवालं, ठेवून घेतलं.

आणखी एक बारीक गोष्ट: डिस्कच्या स्वतःच्या पोटातही छोटी कॅश असते आणि कार्डाची बॅटरी तिला वाचवत नाही. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये डिस्कची राइट कॅश बंद ठेवा.

ईआरपीचा डेटाबेस मी या सगळ्यातून बाहेर काढला. दोन एसएसडी, रेड १. साध्या लॅपटॉपच्या नव्हेत, लाइट गेल्यावर स्वतःचं लिखाण पूर्ण करण्याइतके कॅपॅसिटर असलेल्या सर्व्हरवाल्या. रेड कार्डामागे ट्रिम (कुठली जागा मोकळी झाली ते एसएसडीला सांगणारी आज्ञा) बहुतेक वेळा पोचत नाही, म्हणून थोडी जागा विभाग न पाडता मोकळी सोडली.

रेड कार्ड की नुसता एचबीए?

डिस्क सांभाळायचं काम सॉफ्टवेअर करणार असेल, म्हणजे झेडएफएस, लिनक्सचं एमडी किंवा विंडोजचं स्टोरेज स्पेसेस, तर हुशार कार्ड नको. साधा एचबीए घ्या. तो डिस्क जशीच्या तशी पुढे देतो. एलएसआयचं ९२११-८आय किंवा ९३००-८आय, आयटी मोडच्या (रेड न करता डिस्क थेट दाखवणाऱ्या) फर्मवेअरवर, म्हणजे कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरवर. रेड कार्ड घेऊन त्यावर प्रत्येक डिस्कचं वेगळं रेड ० करायचं आणि वर झेडएफएस चढवायचं, असा जुगाड मी पाहिला आहे. कार्ड बदलायची वेळ आली की डिस्क ओळखता येत नाहीत आणि डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्ट माहितीही कार्डामागे दडते.

मी दोन्ही ठेवलंय. मुख्य सर्व्हरवर रेड कार्ड, कारण तिथे विंडोज आहे आणि रात्री अकराला डिस्क बदलायला मी नसले तर वॉचमनलासुद्धा फोनवर सांगता येतं: पिवळा दिवा लागलेली ओढ, नवी ढकल. जुन्या आर्टवर्कच्या संग्रहासाठी दुसऱ्या मशीनवर लिनक्स, झेडएफएस आणि एचबीए. तिथे घाई नसते. ईएसएक्सआय (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवत असाल तर रेड कार्डाशिवाय तुम्हाला फारसा पर्याय नाही. बोर्डावर येणारं सॉफ्टवेअर रेड, डेलचं एस१४० किंवा एचपीईचं एस१००आय, तिथे चालत नाही.

ड्रायव्हर शोधताना नावांचा गोंधळ होतो. एलएसआय २०१४ मध्ये अवागोने घेतली आणि २०१६ मध्ये अवागोने ब्रॉडकॉम घेऊन तेच नाव लावलं. त्यामुळे कार्डावर एलएसआय छापलेलं असतं आणि फर्मवेअर ब्रॉडकॉमकडे मिळतं. सेकंडहँड जुनं कार्ड घेण्याआधी तुमची ऑपरेटिंग सिस्टिम ते ओळखते का ते बघाच. ९२११ मधली सॅस२००८ चिप रेड हॅट ८ ने यादीतून काढली. ईएसएक्सआय ७ ने जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर बंद केले. लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळालं म्हणून आनंदाने घरी यावं आणि इन्स्टॉलरमध्ये एकही डिस्क दिसू नये, हे मी केलेलं आहे. दादरला गाडी बदलून दोनदा जावं लागलं. त्या दुकानांत नकली कार्डंही फिरतात, छपाई अस्पष्ट असेल आणि सीरियल नंबरचं लेबल नखाने सुटत असेल तर ठेवून द्या. लेबलं आम्हीच छापतो, तेवढं कळतं.

आता डिस्क

सॅस कार्डाला साटा डिस्क चालते. उलट चालत नाही, सॅस डिस्कचा कनेक्टर साटाच्या केबलीत बसतच नाही. एका रेडमध्ये दोन्ही मिसळू नका. घरगुती डेस्कटॉप डिस्क रेडमध्ये टाकू नका. खराब जागा वाचताना ती बराच वेळ स्वतःशीच झुंजते, आणि कंट्रोलर काही सेकंदच वाट पाहून तिला मेलेली ठरवतो. रेडसाठीच्या डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करतात आणि बाकीचं कंट्रोलरवर सोडतात. एसएमआर प्रकारच्या (एकमेकींवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) डिस्कही टाळा. रिबिल्ड करताना, म्हणजे गेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरताना, त्या रडतात. कंट्रोलर पहिल्या पिढीचा, तीन गिगाबिटचा असेल (डेलचं पर्क ६/आय किंवा एलएसआयच्या १०६८ई चिपवालं काहीही) तर दोन टीबीपलीकडची डिस्क त्याला पूर्ण दिसतच नाही, त्यावर पैसे खर्चू नका. सेक्टरच्या आकाराकडेही बघा. नुसत्या ४के सेक्टरच्या डिस्क बऱ्याच जुन्या कार्डांना चालत नाहीत, ५१२ई लिहिलेल्या (बाहेरून ५१२ बाइटचे सेक्टर दाखवणाऱ्या) चालतात.

केबल. सहा गिगाबिटच्या कार्डांवर बहुतेक एसएफएफ-८०८७ कनेक्टर असतो, बारावाल्यांवर एसएफएफ-८६४३. कार्ड एका पिढीचं आणि बॅकप्लेन दुसऱ्या पिढीचा असेल तर दोन टोकांना दोन वेगळे कनेक्टर असलेली केबल मिळते, मागा. एका टोकाला चार साटा फाटे फुटलेली केबल दोन दिशांची असते, फॉरवर्ड आणि रिव्हर्स. दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. आणि लांबी सुतळीने मोजा. मी खरंच सुतळी टाकून मोजली, पंख्यांच्या वरून वळसा घालून, ७० सेंटिमीटर. वेंडर पन्नासची देत होता.

आता मी कोटेशन मागताना मेलमध्ये झाकणाच्या नकाशाचा फोटो, बॅकप्लेनचा फोटो आणि सर्व्हरचा सीरियल नंबर लावते आणि एवढंच लिहिते: "एक प्रोसेसर आहे. कार्ड स्लॉट ५ मध्ये, अर्ध्या उंचीची पट्टी. रेड ६, राइट-बॅक, कॅशचं पॉवर मॉड्यूल नवं, वेगळी ओळ. दुसऱ्या पिंजऱ्याचा बॅकप्लेन, वीज केबल, डेटा केबल ७० सेंमी, कॅड्या चार. चार डिस्क ८ टीबी, ५१२ई, एसएमआर नको. सर्व फर्मवेअर आवृत्त्या लिहून द्या." उत्तरात गोलमाल असेल तर तो वेंडर सोडा.

बसवायच्या दिवशी

आदल्या रात्री बॅकअप घ्या आणि त्यातली एक फाइल उघडून बघा. नुसतं "सक्सेसफुल" वाचून झोपू नका. जुन्या डिस्क नव्या कार्डाला जोडायच्या असतील तर बूट होताना कार्ड विचारतं, "फॉरेन कॉन्फिगरेशन सापडलं, काय करू?" तिथे इम्पोर्ट. क्लिअर दाबलंत तर रेडची मांडणी गेली. हे इम्पोर्ट एकाच घराण्यातल्या कार्डांत चालतं, एका कंपनीच्या कार्डावरून दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर चालत नाही. मी जुन्या चार डिस्क जुन्या कार्डावरच राहू दिल्या, नव्या चार नव्यावर बांधल्या, आणि डेटा रातोरात कॉपी केला. एक फेरी वाढते, पण परतीची वाट राहते. नवं कार्ड घातल्यावर बूटचा क्रम बदलतो. सर्व्हर चुकीच्या डिस्कवरून उठायला बघतो तेव्हा घाबरू नका, बायोसमध्ये क्रम लावा. आणि दोन टीबीच्या वरचा व्हॉल्यूम जीपीटीमध्येच (डिस्कचे विभाग नोंदवायची नवी पद्धत) बनवा, जुनी एमबीआर पद्धत तिथवरच मोजते.

कार्डाची चिप तापते. ती सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असते. साध्या टॉवर कॅबिनेटमध्ये बसवलीत तर तिच्यावर छोटा पंखा लावा. उलट काही ब्रँडच्या सर्व्हरना दुसऱ्याचं कार्ड दिसलं की पंखे पूर्ण वेगाने फिरायला लागतात. आमच्याकडे पहिले दोन दिवस अकाउंटवाल्यांना वाटलं शेजारच्या गाळ्यात नवी मशीन आली.

सगळं चालू झाल्यावर, खरा डेटा टाकायच्या आधी, मी एक डिस्क चालू सर्व्हरमधून ओढली. हे प्रत्येकाने करावं. दिवा लागतो का, भोंगा वाजतो का, मेल येतो का, परत घातल्यावर रिबिल्ड आपोआप सुरू होतं का. आमच्याकडे दिवा लागला, भोंगा वाजला, मेल आलाच नाही. मेलचा पासवर्ड जुना होता. हे त्या दिवशी कळलं म्हणून बरं. मग प्रत्येक खणाखाली डिस्कच्या सीरियल नंबरची चिठ्ठी चिकटवली, कार्डाच्या सेटिंगचे फोटो प्रिंट करून झाकणाच्या आत टेपने लावले, आणि त्याच मॉडेलचं एक सेकंडहँड कार्ड शोधून अँटिस्टॅटिक पिशवीत कपाटात ठेवलं. डिस्क कुठेही मिळते. मेलेल्या कार्डाच्या जागी तेच कार्ड, तेही त्याच दिवशी, मिळत नाही.

मेल आता दोन ठिकाणी जातो, मला आणि स्टोअरच्या काकांना. रेड म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही, पण सकाळी सात वाजता कुलूप तेच उघडतात. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, मी ऐरोलीच्या अलीकडे उभी होते गाडीत. "मॅडम, तुमच्या मशीनचा तिसरा डोळा पिवळा झालाय." खण क्रमांक तीन. कपाटातली नवी डिस्क कॅडीसकट तयार होती. मी रबाळ्याला उतरेपर्यंत त्यांनी ती बसवली होती.